पहिला कान क्विंतोचा

आमच्या डोंगरावरच्या कोल्लेकान्ना गावात कुणी सहज बोलून गेलं, "आज बरा वारा सुटलाय हं," की ओनेलिया हातातली पत्रं तशीच धरून विचारायची, "बरा म्हणजे? कुठून आलेला?" बोलणारा बिचारा गडबडायचा. वारा म्हणजे वारा, त्याचं एवढं काय! पण ओनेलियाशी वाऱ्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नव्हता. तीस वर्षं ती या डोंगरावर पोस्टाची पत्रं वाटत होती आणि सव्वीस वर्षं रेशमाच्या माडीची किल्ली तिच्याकडे होती. पत्र एक दिवस उशिरा पोचलं तर ती हसून वेळ मारून न्यायची. माडीची खिडकी पाच मिनिटं उशिरा बंद झाली, तर मात्र दिवसभर तिच्यासमोर जायची कुणाची छाती नसायची.

दिसायला काही खास नाही. अठ्ठावन्न वय, बुटकी, ठुसकी, केस स्वतःच कात्रीनं कापलेले. नवरा सेत्तिमियो सहा वर्षांपूर्वी गेला. मुलगी साबिना तिकडे बोलोन्याला नर्स. घरात ओनेलिया एकटी, आणि पलंगाखाली सेत्तिमियोचं अकॉर्डियन. त्याला तीनच गाणी यायची, लग्न असो की बारसं, तीच तीन. ओनेलिया आयुष्यभर त्या तीन गाण्यांना वैतागली आणि तो गेल्यावर सहा वर्षं दर रविवारी पेटीवरची धूळ पुसत राहिली.

रेशमाची माडी म्हणजे गावाच्या टोकाला जमीनदाराची जुनी दगडी इमारत. ओनेलियाच्या आजीच्या काळात तिथं रेशमाचे किडे पाळायचे. गावातल्या बायका तुतीचा पाला आणून घालायच्या, रेशीम जमीनदाराचं. मग किडे गेले, जमीनदारही गेला, राहिल्या त्या वेताच्या चटया, तुळयांना ठोकलेल्या खिळ्यांच्या रांगा आणि बारा खिडक्या, सहा डोंगराकडे, सहा समुद्राकडे. गावातल्या अठरा घरांनी ती माडी द्राक्षांसाठी धरली.

कारण आमची वेर्नाच्चा ही काही सरळ वाइन नव्हे. इतर गावांत द्राक्षं काढली, चिरडली, पिंपात भरली, झालं. आमच्याकडे, सेर्रापेत्रोनाच्या या चार डोंगरांत, तसं भागत नाही. ऑक्टोबरात द्राक्षं निघाली की अर्धी चिरडायची आणि अर्धी माडीवर टांगायची. ती जानेवारीपर्यंत सुकतात, सुरकुततात, आतला रस मधासारखा होतो. मग ती पिळून तो रस पिंपातल्या गप्प झालेल्या वाइनमध्ये ओतायचा. वाइन पुन्हा जागी होते, पुन्हा खदखदते. तिसऱ्यांदा ती बाटलीत उसळते, म्हणून ग्लासात ओतली की जांभळा फेस. खालच्या सपाटीवरची माणसं दोन घोट घेऊन विचारतात, "ही वाइन आहे की सरबत?" त्यांना पुन्हा बोलावू नये.

माडीवरची द्राक्षं तीन महिने सांभाळणं हे एका माणसाचं काम. कोरडा वारा असला की खिडक्या उघडायच्या, धुकं किंवा दमट हवा आली की लावायच्या. चुकलं की बुरशी. ओनेलियाच्या आधी किल्ली तिच्या झेलिंदा आत्याकडे होती. आत्यानं खिडकीच्या कठड्यावर जाड्या मिठाची एक बशी ठेवली होती. रोज सकाळी मिठात अंगठा दाबायचा. मीठ अंगठ्याला चिकटलं तर खिडक्या बंद, नाही चिकटलं तर उघड्या. एवढंच शास्त्र.

ओनेलियाला ते तेव्हा हास्यास्पद वाटायचं. बत्तिसाव्या वर्षी किल्ली हातात आली तेव्हा आत्याची बशी तिनं सरळ कोपऱ्यात ठेवून दिली. म्हणाली, मला नाक आहे, गाल आहेत, वारा मला कळतो. नोव्हेंबरात चार दिवस सुंदर वारा सुटला, गालाला गार, कपडे फडफडताहेत. तिनं बाराच्या बारा खिडक्या सताड उघडल्या. तो वारा समुद्राकडचा होता. वाहतो खूप, पण पोटात पाणी घेऊन येतो. पाचव्या दिवशी माडीवर पांढरी बुरशी, तीन भागांतला एक भाग द्राक्षं उकिरड्यावर. अठरा घरांतलं कुणी तिला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच तिला फार लागलं. बोलला तो एकटा क्विंतो.

क्विंतो गावातला सगळ्यात वडीलधारा. आता एक्याऐंशीचा, ओनेलियाच्या बापाचा दोस्त. "तुझ्या पहिल्या वर्षाची वेर्नाच्चा मी जपून ठेवलीय गं," तो दर वर्षी, सगळ्यांदेखत, न चुकता म्हणायचा. "व्हिनेगरऐवजी सॅलडवर घालायला." ओनेलिया म्हणायची, "घाल, घाल. तुझ्या डोक्यावरही घाल, काही उगवलं तर उगवेल." पण त्या वर्षापासून मिठाची बशी पुन्हा कठड्यावर आली ती कायमची. पंचवीस वर्षांत पुन्हा एक मूठही द्राक्षं वाया गेली नाहीत. हे काम पाहायला कुणी येत नाही, पेपरात नाव छापून येत नाही. तरीही पंचवीस वर्षं रोज सकाळी पाचला उठून मिठात अंगठा दाबायचा. मला विचाराल तर अशा बाईपुढे टोपी काढावी.

आणखी एक रीत सांगायला हवी. जानेवारीत नवा रस ओतला की चार-पाच दिवसांनी पिंप बोलायला लागतं. आत खद, खद, खद. तो आवाज ऐकायला सगळं गाव डोंगरात कोरलेल्या तळघराशी जमतं आणि एकेक जण पिंपाला कान लावतो. पहिला कान गावातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाचा. त्यानं मान हलवल्याशिवाय दुसऱ्या कुणी कान लावायचा नाही. नऊ वर्षं पहिला कान क्विंतोचा होता. त्याला कमी ऐकू यायचं हा भाग वेगळा.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी सकाळी जमीन हलली. मीठ कोरडं होतं म्हणून ओनेलियानं नुकत्याच बारा खिडक्या उघडल्या होत्या आणि ती माडीच्या बाहेरच्या जिन्यावर होती. जिना तिच्या पायाखालून सरकला आणि परत आला. जीव कुणाचा गेला नाही. चर्चचा मनोरा मात्र आडवा झाला, अर्ध्या घरांच्या भिंतींतून दिवस दिसायला लागला. दुपारपर्यंत अग्निशमन दलाचे लोक आले, गल्ल्यांना लाल-पांढऱ्या पट्ट्या लागल्या. संध्याकाळी बस आल्या आणि सगळ्या गावाला साठ किलोमीटरवर समुद्रकाठच्या हॉटेलांत नेऊन ठेवलं, जिथं उन्हाळ्यात लोक पोहायला येतात.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं ओनेलिया परत वर. पट्टीपाशी दलाचा एक प्रमुख उभा होता, सार्डिनियाचा, दाट मिशांचा, एफिसियो नावाचा.

"बाई, पट्टीच्या आत यायचं नाही," तो म्हणाला.

"मी कुठं येतेय? तुम्ही जा."

"कुठं?"

"त्या माडीच्या खिडक्या लावायला. बारा आहेत. खाली तळ्यावर धुकं उठलंय, दुपारपर्यंत इथं पोचेल."

एफिसियोनं तिच्याकडे पाहिलं, मग पडक्या मनोऱ्याकडे पाहिलं. "बाई, इथं घरं पडलीत आणि तुम्हाला खिडक्यांची पडलीय?"

"घरं पडायची ती पडली. द्राक्षं अजून टांगलेलीच आहेत."

आता याला काय म्हणावं! एफिसियोनं डोकं खाजवलं. पण धुकं खरंच वर सरकताना दिसत होतं, आणि ही बाई पट्टीला पोट टेकवून उभी होती, हलायचं नाव घेत नव्हती. शेवटी त्यानं शिडीची गाडी लावली, दोन माणसं वर पाठवली आणि बाहेरूनच बारा खिडक्या लावून घेतल्या. खाली आल्यावर म्हणाला, "झालं समाधान?"

"आजच्यापुरतं," ओनेलिया म्हणाली. "वारा डोंगराकडचा झाला की उघडायच्या आहेत."

मग रोजचंच होऊन बसलं. पोस्टाची कचेरी बंद, त्यामुळे तिला रजाच होती. सकाळी साडेसहाची बस, दीड तास घाट, पट्टीपाशी हजर. एफिसियोच्या माणसांनी भिंतींना लाकडी टेकू लावले, माडी ढासळायची थांबली. मिठाची बशी त्यांनी शिडीवरून काढून पट्टीपाशी एका दगडावर ठेवली. ते पोरसवदा गडी ओनेलियाकडे पाहून अंगठा दाबायला शिकले. आधी थट्टा. आठवड्याभरानं त्यांच्यातच वाद. "चिकटलं." "नाही चिकटलं, तुझा अंगठाच घामट आहे." दर आठवड्याला तुकडी बदलायची, तेव्हा जाणारी तुकडी येणाऱ्यांसाठी वहीत लिहून ठेवायची. डिझेल किती उरलंय, कुठली गल्ली धोक्याची, आणि खाली ठळक अक्षरांत: "खिडक्या. मीठ चिकटलं तर बंद. शंका आली तर ओनेलियाबाईंना विचारा. त्यांच्याशी वाद घालू नका."

नोव्हेंबरच्या मध्यावर सरकारी कचेरीतून एक कागद आला. एकतीस जानेवारीपर्यंत कोल्लेकान्नातल्या किमान दहा घरांनी परत वर येतो असं लिहून दिलं, तर फुटबॉलच्या मैदानावर त्यांच्यासाठी लाकडी घरं बांधायची. दहा झाली नाहीत, तर सगळ्यांना खाली समुद्रकाठी फ्लॅट, आणि वर गाव राहणार नाही. कागद हॉटेलच्या काउंटरवर ठेवला होता, शेजारी दोरीनं बांधलेलं पेन. पहिली सही ओनेलियाची. मग पाच दिवसांनी दुसरी. महिनाभरात सात. तिथंच गाडी अडली.

अडली ती क्विंतोपाशी. क्विंतोची बायको दोरिना, आणि दोरिनाचे दोघं भाऊ, दोघांची घरं वेगळी. क्विंतो जिकडे जाईल तिकडे हे दोघं, त्यांनी स्वतःच्या डोक्यानं शेवटचा निर्णय कधी घेतला ते त्यांनाही आठवत नसेल. क्विंतोची सही म्हणजे तीन सह्या. दहा पुऱ्या.

"मला इथं औषधाचं दुकान जिन्याखाली आहे," क्विंतो हॉटेलच्या जेवणघरात म्हणाला. "लिफ्ट आहे. बटण दाबलं की वर. आपल्या गावात बटण दाबलं की काय होतं? दिवासुद्धा लागत नाही."

"लिफ्टमध्ये द्राक्षं टांगणार आहेस का?" ओनेलियानं विचारलं.

"द्राक्षं! ती तर कुजली असतील एव्हाना. तुझ्या हाताची सवय आहेच त्यांना."

बाकीचे हसले. ओनेलियाही हसली, पण तिनं पाहिलं, क्विंतो दारालगतच्याच खुर्चीत बसला होता, दार उघडं ठेवून. भूकंपाच्या सकाळी तो न्हाणीघरात अडकला होता, दार फोडून काढावं लागलं. म्हातारा घाबरला होता. एक्याऐंशी वर्षांचा माणूस चारचौघांत मी घाबरलो म्हणणार नाही, लिफ्टचं कौतुक करत बसेल. तिला त्याची कीव आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

तिनं मनाशी ठरवून टाकलं. समजावून कुणी सही करणार नाही. पण जानेवारीत द्राक्षं पिळायची असली तर माणसं वर येतील. वर आली, पिंपाला कान लावला, की पुढचं त्यांचं त्यांना कळेल. म्हणून ही द्राक्षं जानेवारी गाठायलाच हवी होती.

आणि नोव्हेंबरच्या शेवटी तिला वास आला. ती पट्टीपाशी उभी होती, माडीच्या उघड्या खिडक्यांवरून वारा येत होता. गोड, मनुकांचा वास, आणि त्याच्या खाली एक बारीक, ओल्या पोत्यासारखा. कुठल्यातरी रांगेत बुरशी धरली होती. खिडक्या कितीही सांभाळा, रोज आत फिरून कुजका मणी वेचणारा हात हवा. महिनाभर आत हातच नव्हता. चार-सहा दिवसांत सगळी माडी गेली असती.

त्याच आठवड्यात प्रत्येक घराची पाळी लागली होती. दलाच्या माणसाबरोबर आपल्या घरात वीस मिनिटं जायचं आणि हवं ते काढून आणायचं, तेही एकदाच. लोकांनी काय काय आणलं! क्विंतोनं डुकराच्या दोन वाळवलेल्या तंगड्या आणि भिंतीवरचं घड्याळ आणलं, दातांची कवळी मात्र आतच विसरला. ओनेलियाची पाळी आली तेव्हा एफिसियो पुन्हा ड्युटीवर आला होता.

"घर कुठलं, ताई?" त्यानं शिरस्त्राण तिच्या डोक्यावर घालत विचारलं.

"घर नको. माडी."

तो थांबला. "ताई, नीट ऐका. पाळी एकदाच. तुमचं घर पाडायच्या यादीत आहे. नंतर मागाल तर मी देऊ शकणार नाही."

"माहितीये."

"कागदपत्रं? दागिने?"

"कागदपत्रं पिशवीत आहेत. दागिना बोटात आहे, एकच आहे."

"मग काहीच नाही आत?"

ओनेलियाला पलंगाखालचं अकॉर्डियन दिसलं. काळी पेटी, एका कोपऱ्याला सेत्तिमियोनं लावलेली पट्टी. वीस मिनिटांत दोन्ही होणार नव्हतं, घर गावाच्या त्या टोकाला, माडी या टोकाला. "काही नाही," ती म्हणाली. "चला, वेळ जातोय."

माडीवर ती एक क्षण डोळे मिटून उभी राहिली. एफिसियोला वाटलं, प्रार्थना करतेय. ती वास घेत होती. मग सरळ समुद्राकडच्या तिसऱ्या खिडकीपाशी गेली. "इथून सुरू झालंय. बादली धरा." कात्री चालायला लागली. कुजका मणी वेचत बसायला वेळ नव्हता, तिनं ती आख्खी रांग उतरवली, शेजारची अर्धी उतरवली, मधे मोकळी जागा सोडली म्हणजे बुरशी पुढं सरकणार नाही. काही घड चांगले दिसत होते. एफिसियो म्हणाला, "अहो, हे तर छान आहेत." ती म्हणाली, "दिसतात. देठ बघा." देठाच्या आत राखाडी केस होते. सात बादल्या भरल्या. एफिसियोनं घड्याळाकडे पाहिलं, पंचवीस मिनिटं झाली होती, आणि त्यानं घड्याळ बाहीखाली ढकललं. शेवटी ती जिन्याशी आली, पुन्हा डोळे मिटले. ओल्या पोत्याचा वास गेला होता. तेव्हा कुठे तिनं कात्री खिशात टाकली.

डिसेंबरात तिचं घर पाडलं. तिला आधी कळवलं होतं, ती आली. यंत्राच्या लोखंडी हातानं छप्पर उचललं, मग झोपायच्या खोलीची भिंत आत कोसळली. आत कुठंतरी एकदाच, लांबलचक, हवा सुटल्यासारखा सूर निघाला. निदान ओनेलिया तरी तसं सांगते. "तीनच गाणी यायची त्याला," ती शेजारी उभ्या असलेल्या दलाच्या माणसाला म्हणाली. त्याला काही कळलं नाही. ती हमसून हमसून रडली, तिथंच, रस्त्यात, हातमोज्यांनी तोंड पुसत. मग मान वर करून तळ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "धुकं येतंय. खिडक्या बघा."

जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी द्राक्षं उतरवली. दलाच्या पोरांनी माडीच्या खिडकीतून शिडीवरून हातोहात घड खाली दिले. हॉटेलवरून बस भरून बत्तीस माणसं आली. मैदानावर लाकडी दाबयंत्र मांडलं, दिवसभर दांडा फिरला, लोक चिकट हातांनी पाव-सलामी खात होते, तीन महिन्यांत पहिल्यांदा एकमेकांच्या आया-बहिणी काढत भांडत होते. ओनेलियाला बरं वाटलं. रस डोंगरातल्या तळघरात पिंपांत ओतला. तळघराला काही झालं नव्हतं, दगडच तो. चार वाजता बर्फ पडायला लागलं आणि बस निघून गेली. क्विंतो आलाच नव्हता. गुडघा दुखतो म्हणे. कागदावर त्या रात्रीही सातच नावं.

पाच दिवस गेले, पिंप गप्प. आठ गेले. दहा गेले. एरवी गावात चुली पेटलेल्या, तळघरात सतत माणसांची ये-जा, ऊब असायची. या वर्षी आत हाडं गोठवणारी थंडी. वाइन जागीच होईना. ओनेलिया रोज वर जायची, पिंपाच्या तोंडावरचं फडकं उचलायची, आत पाहायची. एक बुडबुडा नाही. कागदाला आठच दिवस उरले होते.

मग ती हॉटेलात खोली-खोली फिरली. भूकंपग्रस्तांना सरकारकडून एकेक करडी घोंगडी मिळाली होती. "द्या इकडे," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत हीटर आहे, पिंपाला नाही."

"सरकारनं मला दिलेली घोंगडी मी पिंपाला देऊ?" क्विंतो म्हणाला. "वेड लागलंय तुला. जागी नाही होत ना? झोपू दे मग तिला. तीही दमली असेल."

ओनेलिया पुढच्या खोलीकडे वळली. तेवीस घोंगड्या जमल्या. तळघरात पिंपांना त्या गुंडाळल्या, वरून दोऱ्या बांधल्या. एफिसियोच्या माणसांनी डिझेलवरचा एक हीटर आणून दिला, वहीत त्याची नोंद केली नाही. दाराशी असलेलं पहिलं पिंप तेवढं उघडं राहिलं. गुरुवारी बसच्या ड्रायव्हरनं तिच्या हातात पेपरमध्ये बांधलेलं एक गाठोडं ठेवलं. आत करडी घोंगडी होती, औषधाचा वास येणारी. निरोप काही नाही. ओनेलियानं ती दाराशी असलेल्या पिंपाला गुंडाळली, आणि गाठ दोनदा बांधली.

एकोणतीस तारखेला, रविवारी सकाळी, तिनं फडकं उचललं तर त्यावर जांभळा डाग होता, ओला. पिंपाच्या तोंडाशी फेस आला होता. ती मागे सरली आणि दगडावर मटकन बसली. एफिसियो धावत आत आला.

"काय झालं? ताई?"

ती नुसतं बोट दाखवत होती. एफिसियोनं फेस पाहिला, त्याचा चेहरा उजळला, आणि तो कान लावायला पिंपाकडे वाकला. ओनेलियानं त्याला कोटाला धरून मागं खेचलं.

"थांब! तुझा कान नंतर."

"मग कुणाचा आधी? तुमचा?"

"माझाही नाही. पहिला क्विंतोचा."

"तो तर तिकडे समुद्रावर बसलाय!"

ओनेलियानं खिशातून फोन काढला. दाराशी असलेल्या पिंपापाशी रेंजची एक काडी यायची. क्विंतोचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर लावलेला असायचा, ऐकू येत नाही हे कबूल न करता. पलीकडे कपबश्यांचा आवाज आला, म्हणजे सगळे जेवणघरात नाश्त्याला बसले होते.

"कोण? ओनेलिया? आता काय हवंय? उशी?"

"क्विंतो, कान लाव."

"कुठं लावू?"

"फोनला लाव. आणि तोंड बंद ठेव, जमलं तर."

तिनं फोन पिंपाच्या तोंडावर आडवा ठेवला आणि दोन्ही हात मागं घेतले. फोनमधून कपबश्या वाजल्या, कुणीतरी "श्श" केलं, एक खुर्ची सरकली, मग तिकडेही काहीच ऐकू येईना. इथं पिंपात तेवढं चालू होतं. खद. खद. मग दोन एकदम. मग आतून वर येणारा एक लांब, जाड बुडबुडा.

ओनेलियाला वाटलं, फोन बंद पडला.

"कुठलं पिंप आहे हे?" क्विंतोचा आवाज आला, बदललेला.

"दारातलं. तुझी घोंगडी आहे त्याला."

पलीकडे कुणीतरी नाक शिंकरलं.

"सॅलडवर घालायच्या कामाची नाही दिसत यंदाची," क्विंतो म्हणाला. मग फोनपासून तोंड लांब करून ओरडला, "दोरिना! काउंटरवरचा तो कागद आण. आणि तुझ्या भावांना उठव, कधीपर्यंत लोळणार आहेत!"

ओनेलियाला काही दिसेनासं झालं. तिनं बाहीनं डोळे पुसले आणि फोन उचलायला हात पुढं केला. "बरं क्विंतो, ठेवते आता, बाकीच्यांनाही सांगायचंय..."

"फोन हलवू नकोस!" क्विंतो खेकसला. "तिथंच राहू दे, पिंपावर. ते दोघं जिन्यात आहेत, त्यांचाही कान लागायचाय. पेन दोरिनानं दोरीतून सोडवून आणलंय, मी हातात धरून बसलोय."